लवकर जुनाट न दिसणारे स्वयंपाकघर निवडताना

जुन्या स्वयंपाकघराची दारे उतरवण्याचे काम चालू असताना सुताराने एका मुठीचे दोन स्क्रू काढले, आणि मुठीमागच्या पितळी पट्टीखाली इतकी वर्षे झाकून राहिलेला दाराचा मूळ रंग बोटभर रुंदीचा दिसला. तो स्वच्छ, दुधाळ पांढरा होता. आजूबाजूचे सगळे दार मात्र पिवळट पडले होते, आणि हे पिवळेपण इतक्या सावकाश चढत गेले होते की सतरा वर्षे रोज त्या दारांना हात लावूनही घरातल्या कोणाच्याच ते लक्षात आले नव्हते. ‘हे स्वयंपाकघर आता फार जुनाट दिसते’ ही तक्रार मी सात-आठ वर्षे करत होते आणि दर वेळी दोष दारांवरच्या कमानदार नक्षीला देत होते. ती पांढरी पट्टी पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की माझ्या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या होत्या.

पहिली तक्रार वस्तू जुनी होण्याची. आमची दारे लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबीव फळीवर, म्हणजे एमडीएफवर, पीव्हीसीचा पातळ थर गरम करून ताणून चिकटवलेली होती. ओव्हनशेजारच्या दाराचा हा थर उष्णतेने कडेला सुटला, मग त्याखाली वाफ शिरली, आणि शेवटी तो कोपरा सालीसारखा उलगडू लागला. असा थर पुन्हा नीट बसवता येत नाही आणि त्यावर रंगही धड टिकत नाही. दुसरी तक्रार जुनाट दिसण्याची, म्हणजे पाहुण्याने आत पाऊल टाकताच हे काम कोणत्या सालाच्या आसपासचे आहे ते ओळखावे, अशी. वस्तू टिकाऊ असली तरी जुनाट दिसू शकते, आणि झिजलेली असूनही एखादी वस्तू अजिबात जुनाट दिसत नाही. वापरून कडा गोलसर झालेला दगडी ओटा मी तासन्‌तास पाहू शकते.

जुनाटपणाचा शिक्का नेमका कशाने बसतो, याचा विचार करताना मला काही जुनी छायाचित्रे फार उपयोगी पडली. अमेरिकेत १९७०च्या दशकात अ‍ॅव्होकाडोसारखा हिरवा आणि पिकल्या धान्यासारखा सोनेरी हे रंग स्वयंपाकघरांत सर्वत्र होते. त्यानंतर मधाच्या रंगाचे ओक लाकूड आणि कमानदार दारे आली. २०१०च्या दशकात करड्या रंगाने भिंतीपासून फरशीपर्यंत सगळे व्यापले. यातला कोणताही रंग मुळात वाईट नाही. हिरवा रंग तर मला मनापासून आवडतो. परंतु त्या काळी फ्रिज, शेगडी, कपाटे आणि टाइल या सगळ्यांनी एकाच वेळी तो एकच रंग घेतला, आणि ते दशक संपताच तो बाजारातून दिसेनासा झाला. एखाद्या खोलीतल्या जितक्या वस्तू एकाच हंगामाची भाषा बोलतात, तितका त्या खोलीवर सालाचा शिक्का ठळक उमटतो. म्हणूनच ‘सगळे पांढरे किंवा करडे करा, म्हणजे कधीच जुने दिसणार नाही’ हा सल्ला मला पटत नाही. सगळे करडे करणे हीदेखील एका ठरावीक दशकाचीच आवड होती, आणि ती आज स्पष्ट ओळखू येते.

मग टिकते काय? मला आढळले ते असे की जे आकार गरजेतून आले आहेत, ते फॅशनच्या लाटा येऊन गेल्या तरी उभे राहतात. साधे चौकटीचे दार हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आज बाजारात त्याला ‘शेकर’ म्हणतात, ते अमेरिकेतल्या शेकर या धर्मपंथाच्या साध्या, नक्षीविरहित लाकूडकामावरून. पण चौकट आणि तिच्यात बसवलेली फळी ही रचना त्या पंथाहून कितीतरी जुनी आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. रुंद फळी चारही बाजूंनी खिळून टाकली तर ती वाकते किंवा तडकते. म्हणून सुतारांनी अरुंद पट्ट्यांची चौकट केली, तिच्या आतल्या कडेला खाच पाडली, आणि मधली फळी त्या खाचेत न चिकटवता नुसती सरकवून ठेवली. फळी आत मोकळेपणाने हलत राहते आणि दाराचे माप बदलत नाही. त्या दाराकडे पाहताना डोळ्याला जे समाधान वाटते, त्यामागे मला हे कारण दिसते.

ओट्यामागच्या पांढऱ्या आयताकृती टाइलचेही असेच आहे. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी स्थानकांच्या भिंतींना तीन इंच बाय सहा इंचांच्या चकचकीत पांढऱ्या टाइल लावल्या. पुसायला सोपी आणि अंधाऱ्या जागेत उजेड परतवणारी ही टाइल ओट्यामागेही तितकीच उपयोगी आहे. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. हीच टाइल गडद काळ्या ग्राउटमध्ये, म्हणजे टाइलमधल्या फटी भरण्याच्या मिश्रणात, बसवली की ती १९०४ची राहत नाही, ती २०१०च्या दशकातली होते. साल ओळखू येते ते बहुधा मूळ आकारावरून नव्हे. त्याला त्या त्या काळी दिलेल्या फोडणीवरून.

सर्वांत कमी जुनी होते ती आखणी. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला, आणि पुढे तो सुमारे १०,००० घरांत बसवला गेला. खोली जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरची होती. तिचा निळसर हिरवा रंग आज पाहताक्षणी जुना वाटतो. पण सलग ओटा, खिडकीसमोर बसून काम करण्याची जागा, हाताच्या अंतरावर असलेले खण आणि छतावरून सरकवता येणारा दिवा या गोष्टी शंभर वर्षांनंतरही कोणी नव्याने सुचवल्या तर आपण मान डोलावू. म्हणून आम्ही दारांचे नमुने पाहण्याआधी दीड महिना नुसत्या आखणीवर घालवला, आणि सिंकपासून शेगडीपर्यंतची पावले सकाळ-संध्याकाळ प्रत्यक्ष मोजली. तो वेळ मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही.

दारांची निवड करताना चार नमुने आम्ही ओट्याला टेकवून तीन आठवडे तसेच उभे ठेवले. दुकानातल्या प्रखर पांढऱ्या दिव्यांखाली जो नमुना उबदार राखाडी दिसत होता, तो आमच्या उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात जांभळट झाला आणि रात्री २७०० केल्व्हिनच्या (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा) पिवळसर दिव्याखाली चिखलासारखा दिसू लागला. रंग निवडण्याआधी दिवे निवडावेत, हे मी यातून शिकले. आम्ही ओट्यावरचे दिवे ३००० केल्व्हिनचे आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९०च्या वर असलेले घेतले, आणि त्यानंतरच उरलेल्या तीन नमुन्यांकडे पुन्हा पाहिले. चकचकीत नमुन्यावर बोटांचे ठसे दिवसभर उठून दिसत. गडद मॅट नमुना पहिल्या दिवशी फार देखणा होता, परंतु मुठीभोवती तेलकट बोटांची छाया दहा दिवसांत जमली, आणि ती घासून काढल्यावर तेवढाच भाग चमकू लागला. शेवटी राहिला तो ऑफ-व्हाइट रंगाचा, रंगवलेल्या लाकडी चौकटीचा नमुना. त्याच्या चौकटीची आतली कड काटकोनात होती आणि तिथे धूळ आणि तेलाची रेघ साचत होती. सुताराला सांगून आम्ही ती कड किंचित उतरती करून घेतली, म्हणजे फडके एकाच फटक्यात कोपऱ्यापर्यंत फिरते. रंगवलेल्या दाराचा मोठा गुण असा की त्याचा टवका उडाला तर तो भरता येतो, आणि पंधरा वर्षांनी मन बदलले तर तेच दार पुन्हा रंगवता येते.

सुतार वयाने मोठे आणि मितभाषी आहेत. मी गडद हिरव्या दारांबद्दल तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, जे स्क्रूड्रायव्हरने निघते, तिथे हौस करा. जे छिन्नीने काढावे लागते, तिथे नका करू.” पुढची सगळी निवड मी याच वाक्यावर पारखून घेतली.

छिन्नीच्या यादीत पहिला क्रमांक ओट्याचा. सिंक त्यात अडकलेले असते, भिंतीच्या टाइल त्यावर टेकलेल्या असतात, आणि तो काढायचा म्हटले की या दोन्ही गोष्टी सोबत येतात. म्हणून तो खोलीतला सर्वांत शांत भाग असावा असे माझे ठाम मत झाले आहे. सध्या पांढऱ्या पृष्ठभागावर मोठमोठ्या, नाट्यमय करड्या शिरा असलेला कृत्रिम दगड सगळीकडे दिसतो, आणि त्या शिरांचा एकसारखेपणा मला आत्ताच खुपतो. शिवाय त्यात क्वार्ट्झचे कण राळेने बांधलेले असतात, आणि तापलेले भांडे थेट ठेवल्यास त्या राळेवर डाग पडू शकतो. हा दगड कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्याच्यावर बंदी घातली आहे. हे वाचल्यानंतर तो घेण्याची माझी इच्छा उरली नाही. आम्ही बारीक दाण्याचा, मध्यम छटेचा, चमक काढलेला ग्रॅनाइट घेतला. नैसर्गिक दगडातही सिलिका असते, म्हणून तो पाणी सोडत कापला जाईल याची खात्री आधी करून घेतली.

मुठींशिवायची दारे आम्ही बऱ्याच वेळा पाहिली. ती सुंदर असतात आणि खोली मोठी वाटते. पण त्यांतल्या एका प्रकारात बोटे घालण्यासाठी धातूची पन्हळ बसवावी लागते आणि त्यासाठी कपाटाच्या सांगाड्यालाच खाच पाडतात, म्हणजे उद्या साधी मुठीची दारे लावावीशी वाटली तर सांगाडाही बदलावा लागतो. मुठी मात्र खऱ्या अर्थाने स्क्रूड्रायव्हरच्या यादीत येतात. पितळ, क्रोम, घासलेले निकेल, काळा अशा लाटा मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि पुढची लाट कोणती असेल हे ओळखण्याची मला गरज वाटत नाही, कारण आम्ही मुठीच्या दोन छिद्रांमधले अंतर १२८ मिलिमीटर ठेवले आहे. कपाटांची मापे ३२ मिलिमीटरच्या पटीत ठरवण्याची पद्धत रूढ असल्याने ९६, १२८ आणि १६० ही मापे वर्षानुवर्षे मिळत आली आहेत. याच कारणासाठी सांगाडे ६०० मिलिमीटरच्या प्रचलित मापात ठेवले आणि फ्रिजच्या खणात दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडली. आजच्या यंत्राला घट्ट बसेल असा खण केला की पुढचे यंत्र त्यात बसत नाही, आणि अर्धवट बसलेल्या यंत्राइतके जुनाट दुसरे काही दिसत नाही.

हिरव्या रंगाचे काय झाले, ते सांगायला हवे. मला तो खरोखर आवडतो की गेल्या दोन वर्षांत तो सारखा समोर आल्यामुळे आवडू लागला आहे, हे मला कळत नव्हते. मग मी घरातल्या जुन्या वस्तू पाहिल्या. वीस वर्षांपूर्वी घेतलेली शाल, पहिल्या नोकरीच्या दिवसांतला दिवा, अभ्यासाच्या टेबलावरची चटई, सगळ्यांत तोच दाट पानासारखा हिरवा होता. ती आवड माझीच होती. तरीही तो ओट्याखालच्या दहा दारांवर न लावता आम्ही एका सुट्या, पायांवर उभ्या कपाटाला लावला. हे कपाट भिंतीला जोडलेले नाही, ते उद्या दुसऱ्या खोलीतही जाऊ शकते, आणि स्वयंपाकघरात शिरल्यावर नजर पहिल्यांदा त्याच्यावरच जाते.

काम पूर्ण होऊन दोन महिने झाले आहेत. वरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलने रंगाचा क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि मुठीच्या छिद्रांचे अंतर लिहून ठेवले आहे, आणि दारांना वापरलेल्या रंगाचा उरलेला डबा झाकण घट्ट लावून त्याच कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आहे. काल सिंकजवळच्या दाराला पातेल्याची कड लागून पहिला टवका उडाला. मी डबा काढला, बारीक कुंचल्याने तेवढी जागा भरली, आणि आज सकाळी उजेडात ती शोधायला गेले तर मला सापडली नाही.