गंजी जळाली की आधी ‘कोणी?’ विचारू नका

दसरा-दिवाळीच्या मधात सोयाबीन सोंगून झालेलं असतं, वावरात गंजी लागलेली असते आणि थ्रेशरवाल्याची वाट पाहणं सुरू असतं. याच दिवसांत वऱ्हाडातल्या पेपरांच्या जिल्हा पानावर ‘सोयाबीनची गंजी पेटवली’ ही बातमी येते. खाली ठरलेली ओळ, ‘अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा’. घर किंवा गोठा जळाला तर दुसरी ठरलेली ओळ, ‘शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज’. बऱ्याचदा या दोन्ही ओळी राख थंड होण्याआधीच लिहून झालेल्या असतात.

तपासाची वाट वेगळी आहे. आग नेमकी कोणत्या जागी सुरू झाली? त्या जागी सगळ्यात आधी पेट घेईल असं काय होतं? त्याला उष्णता कशाने मिळाली? आणि ही उष्णता न् ते जळण एकमेकांजवळ आलं कसं? ‘अपघात की मुद्दाम’ हे या चौथ्या प्रश्नात ठरतं. जागाच सापडली नसेल, तर पुढचं सगळं पारावरच्या गप्पा.

गंजीला भिंती नसतात, त्यामुळे खुणा जमिनीवर शोधाव्या लागतात. पहिली नजर राखेवर नाही, भोवतालच्या धसकटांवर टाकायची. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, गंजीपर्यंत धसकटं आणि गवत सलग जळत आलं असेल, तर आग बहुधा धुरा जाळताना सुटली. गवताची काडी आणि दगड ज्या अंगाने जास्त काळे झाले, त्या अंगाने सहसा आग आलेली असते. वाऱ्याविरुद्ध हळू सरकणारी आग काडी बुडातून खाते आणि काडी आगीच्या दिशेने पडते, म्हणून न जळलेले शेंडे आग कुठून आली ते दाखवतात. अशी एक काडी कामाची नाही. शंभर-दोनशे काड्या एकच गोष्ट सांगत असतील तर ती धरायची. भोवतालची धसकटं शाबूत असतील, तर आग गंजीतच सुरू झाली किंवा वरून पडली.

मग वर पाहायचं. गंजीवरून लोंबलेल्या तारा जातात का? वादळवाऱ्यात दोन तारा एकमेकींना लागल्या की ॲल्युमिनियमचे तापलेले कण खाली पडतात, आणि ते पडतानाही जळत असतात. त्याची खूण दोन्ही तारांवर समोरासमोर खड्ड्यांच्या रूपात राहते आणि खालच्या मातीत चाळणीला बारीक गोळ्या लागतात. या गोळ्यांना चुंबक लागत नाही. त्या वेळी फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाइन, चालू होता का, हे उपकेंद्राच्या नोंदवहीत मिळतं. शेतीची लाइन बंद असताना लागलेली आग तारांच्या माथी मारता येत नाही. हे तपासायला अर्धा तास पुरतो, तरी बऱ्याच ठिकाणी कोणी तपासत नाही.

‘आपोआप पेटली’ हेही ऐकायला येतं. ओला चारा स्वतःहून पेटू शकतो, यात खोटं काही नाही, पण त्याला अटी आहेत. ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर हवा, ढीग मोठा आणि दाबलेला हवा, आणि वेळ हवा. आधी जिवाणू ढिगाला 55 ते 70 अंशांपर्यंत तापवतात, त्यापुढे रासायनिक क्रिया सुरू होते. याला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. त्याआधी करपलेल्या गुळासारखा किंवा तंबाखूसारखा वास आणि सकाळी वाफ येते. जळालेल्या ढिगात गाभा जास्त करपलेला आणि बाहेरचा भाग त्या मानाने कमी, असा उलटा नकाशा दिसतो. चार दिवसांपूर्वी लावलेली कोरडी गंजी मध्यरात्री आपोआप पेटत नाही. परतीच्या पावसात भिजून ताडपत्रीखाली झाकलेली लहान गंजी गरम होते, शेंगा काळ्या पडतात, बुरशी चढते, पण लहान ढिगातली उष्णता बाहेर निघून जाते. कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाच्या, मोठ्या ढिगाची शंका आली तर लोखंडी सळई खोल आत खुपसून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल, तर पाण्याची सोय केल्याशिवाय ढीग उकलू नका. हवा लागताच तो भडकतो.

आता पेट्रोल. गंजीवर ओतलेलं पेट्रोल बहुतेक जळून जातं, पण बुडाशी मातीत मुरलेला थोडा भाग उरू शकतो. काळ्या मातीच्या भेगांत तर नक्की शोधावा. नाकावर विसंबू नका, कारण त्याच वावरात ट्रॅक्टरचं डिझेल सांडलेलं असतं, फवारणी पंपाचं तेल मिसळलेलं पेट्रोल असतं. काही कीटकनाशकांत औषध विरघळवायला पेट्रोलियमचीच द्रावकं घातलेली असतात, म्हणून गोठ्यात ठेवलेल्या औषधाचा डबा जळाला की प्रयोगशाळेच्या आलेखावरही ती उमटतात. यासाठी जळालेल्या जागेच्या नमुन्याबरोबर त्याच वावरातल्या दूरच्या, न जळलेल्या मातीचा नमुना हवाच. तो नसेल तर पहिल्या नमुन्याला अर्थ उरत नाही.

नमुना साध्या पॉलिथिनच्या पिशवीत भरू नका, बाष्प तिच्यातून निसटतं. नवा, न वापरलेला, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी घ्यायची आणि ती दोन-तृतीयांश भरायची. वरची मोकळी जागा लागते, कारण तपासणी त्या हवेतल्या बाष्पाची होते. माती असेल तर थंडीत ठेवून लवकर पाठवायची, मातीतले जिवाणू पेट्रोल खाऊन टाकतात. चार दिवस ठाण्यात उन्हाच्या खिडकीत पडलेला डबा नागपूरच्या किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला काय न् न गेला काय.

आणि अहवालात काही सापडलं नाही, म्हणजे आग अपघाती असं होत नाही. वाळलेल्या सोयाबीनला पेट्रोल लागतच नाही, आगपेटीची एक काडी पुरते.

घर आणि गोठ्यात भिंती असतात, त्यामुळे वाचायला जास्त मिळतं आणि चुकायलाही. पेटलेल्या वस्तूच्या मागे भिंतीवर काजळीचा व्ही आकार उमटतो. जिथे आच फार होती तिथे काजळीसुद्धा जळून चुना पुन्हा पांढरा दिसतो. टिनावरचा जस्ताचा थर सुमारे 420 अंशांना वितळतो, म्हणून कोणतं टिन आधी पांढुरकं न् मग तांबडं गंजलं, यावरून आच कुठे जास्त होती ते कळतं. पण ‘दोन ठिकाणी पेटलं, म्हणजे लावलं’ असं लगेच म्हणू नये. छतातला जळता तुराटीचा तुकडा किंवा ताडपत्रीचा थेंब खाली पडूनही दुसरी जागा पेटते.

काचेवरच्या बारीक जाळीदार तड्यांनाही पूर्वी ‘पेट्रोलची आग’ समजत. अमेरिकेत ओकलंडच्या 1991 च्या वणव्यानंतर जळकी घरं तपासली आणि पुढे प्रयोग केले, तेव्हा दिसलं की तापलेल्या काचेवर पाणी पडलं की असे तडे जातात. आपल्याकडे तर आख्खं गाव बादल्या घेऊन धावतं. त्याआधी 1990 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला एका घराच्या आगीत फरशीवरच्या डागांवरून पेट्रोल ओतल्याचा आरोप झाला. तपासनीसांनी शेजारचं तसंच घर पेट्रोलशिवाय पेटवून पाहिलं. पाच मिनिटांच्या आत खोली सगळी एकदम पेटली आणि फरशीवर तेच डाग उमटले. खटला मागे घ्यावा लागला.

शॉर्टसर्किटचं म्हणाल तर, तांबं सुमारे 1085 अंशांना वितळतं. ठिणगीने वितळलेल्या तारेच्या टोकाला गोल मणी येतो आणि मण्यामागची तार जवळपास शाबूत असते. आगीने वितळलेली तार लांबवर ओघळलेली, बारीक होत गेलेली दिसते. पण मणी सापडला म्हणजे आग तिथूनच लागली असं नाही. आग आधी प्लास्टिक खाते, मग चालू तारा एकमेकींना चिकटतात आणि तरी मणी तयार होतो. त्या वेळी लाइन चालू होती, एवढंच तो नक्की सांगतो. ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तेही विचारता येत नाही, ती 660 अंशांनाच पाणी होते. फ्यूजच्या ग्रिपमध्ये वेळेवर न वितळणारी जाड तार गुंडाळलेली आढळली, तर मात्र तिचा जवळून फोटो काढून ठेवावा.

कापूस साठवलेल्या खोलीत वेळेचा हिशोब बदलतो. कापसात गेलेला विडीचा इंगळ तासन् तास ज्योतीशिवाय धुमसतो. म्हणून ‘आग दिसली तेव्हा तिथे कोणी नव्हतं’ याला किंमत कमी. संध्याकाळी तिथे कोण बसलं होतं, हे विचारावं.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 326 लागतं. आग लावून शेतमालाचं नुकसान केल्यास सात वर्षांपर्यंत आणि राहतं घर पेटवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे, तेव्हा आज तज्ज्ञाची गाडी येईलच असं नाही.

ती येईपर्यंत निदान राख हलवू नये. हरभऱ्याची घाई असते हे खरं, पण गंजीच्या बुडाभोवती दहा-दहा हात जागा दोरीने बांधून बाकी वावर पेरता येतं. चारही दिशांनी फोटो काढा, वारा कोणीकडून होता ते लिहून ठेवा. पंचनाम्यात ‘कारण निश्चित नाही’ लिहायला तपासनीसाने लाजू नये, आणि गावानेही ते ऐकून घ्यावं. आग विझवायला आणलेल्या डिझेल पंपात तेल भरायचं असेल, तर तो दोरीच्या बाहेर नेऊनच भरावं.