तेरा टग्यांचे तेरा दिवस

११ डिसेंबर

आज रात्री आइसलँडमध्ये घरोघरी मुलं खिडकीत एकेक बूट ठेवतील. नाताळपर्यंत ग्रीला राक्षशिणीचे तेरा टगे मुलगे रोज एक याप्रमाणे डोंगरातून उतरतात. गुणी पोराला बुटात संत्रं किंवा छोटं खेळणं मिळतं, वांड पोराला बटाटा.

गंमत आहे ती त्यांच्या चोऱ्यांत. १२ चा पहिला गडी मेंढ्यांचं दूध प्यायला गोठ्यात शिरतो, पण पाय काठीसारखे ताठ, वाकायचीच पंचाईत! १५ ला चमचे चाटणारा, १६ ला पातेली खरवडणारा, १८ ला लोकांच्या झोपेत दारं आपटणारा. १७ चा पलंगाखाली दबा धरतो. पूर्वी माणसं झाकणाच्या लाकडी वाडग्यात जेवत आणि मग तो कुत्र्या-मांजरांपुढे जमिनीवर ठेवत. तेवढ्यात हा तो ओढून घेई. २४ चा मेणबत्त्यांच्या मागावर असतो, कारण तेव्हा त्या चरबीच्या असत, म्हणजे चक्क खाण्याजोग्या. बहुतेक चोर स्वयंपाकघरातले, उपासमारीच्या हिवाळ्यातून आलेले.

एके काळी यांच्या नावाने मुलांना इतकं भेडसावत, की १७४६ मध्ये त्यावर सरकारी बंदी आली. आजचे तेरा जण आणि त्यांचा क्रम रूढ झाला तो योहानेस उर कोत्लुम यांच्या १९३२ च्या बालकवितेमुळे. त्याआधी नावं भागागणिक बदलत.

सांगायची रीत सोपी: एका रात्री एकच टगा, एकच खोडी, दोन-तीन मिनिटांत. सगळे एका बैठकीत उरकले की गोष्टीची हजेरी होते. १८ ला मोठ्यांपैकी कुणी गुपचूप उठून आतलं दार धाडकन लावावं (तान्हं बाळ झोपलेलं नसेल तरच). बुटातली वस्तू मुठीत मावेल एवढीच हवी. पहिल्याच रात्री मोठं खेळणं ठेवलं तर पुढच्या बारा रात्री तोच थाट सांभाळा. शिवाय शाळेत बुटांची तुलना होते आणि टगा एकच, तर शेजारच्या पोराला जास्त का, याला उत्तर सापडत नाही.

२५ पासून ते आल्या क्रमाने परततात, शेवटचा ६ जानेवारीला. परतीच्या वाटेवर कुणी काही ठेवत नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकावं.

बटाटा फार तर एकदा, तोही त्याच दिवशीच्या ठळक खोडीबद्दल. आणि धुऊन ठेवावा, नाहीतर मातीने बरबटलेला बूट घासायचं काम आपल्याच गळ्यात.