खेट्यांच्या महिन्यातली टाच

माघ, रविवार. रात्री.

जोतिबाचे खेटे, म्हणजे माघातल्या रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगराची पायी वारी, सुरू झालेत. पहाटेपासून वडणगे-कुशिरेच्या वाटेनं माणसांची रीघ, कित्येक जण अनवाणी. वर्षभर दुचाकीवरून हिंडलेला पाय एकदम डांबर तुडवत डोंगर चढतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. टाचेला चालण्याचं वावडं नाही. एकाएकी अंगावर पडलेला भार तिला सोसत नाही. ज्यांची टाच आधीच कुरकुरतेय, त्यांनी यंदा पायात बूट घालून जावं. देव रागावणार नाही.

ओळखायचं कसं? सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखी कळ येते. न्हाणीघरापर्यंत जाईतो पाय मोकळा होतो. तासभर बसून उठलं की पुन्हा तीच कळ, आणि दिवसभर उभं राहिलं तर संध्याकाळी ठसठस. टाचेचं हाड संपून कमान सुरू होते तिथं, आतल्या अंगाला, अंगठ्यानं दाबलं की माणूस पाय ओढूनच घेतो. हा बहुतेक वेळा प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याचं दुखणं. दुखणं टाचेच्या अगदी मधोमध असेल तर तिथली चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. मागच्या बाजूला असेल तर पोटरीची शीर. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोरात दुखलं, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता, तिथं व्यायाम थांबवून आधी तपासणी.

तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो आणि कमान उभी राहते. असं दिवसातून हजारो वेळा. भार झेपेनासा झाला की टाचेला चिकटलेल्या जागी पट्टा जाडावतो, त्याचे तंतू विस्कटतात. म्हणजे सुजेपेक्षा झीज जास्त, म्हणून वेदनाशामक गोळीनं चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आणि पोटरी आखडतात. सकाळची कळ त्यातली.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की घरभर काळजी पसरते. असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सर्रास सापडतं. ते टोचत नसतं, आणि ते कापून काढायची घाई तर मुळीच नको.

खरं औषध व्यायाम, पण तो नेमका करावा लागतो. पहिला, खाटेवरून उतरण्याआधी: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं हातानं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताला तळव्यातला हा पट्टा सतारीच्या तारेसारखा ताठ लागला पाहिजे. लागला नाही तर ओढ कमी पडतेय. १० सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून ३ वेळा. दुसरा ताकदीचा, एक दिवसाआड. पायरीच्या कडेवर टॉवेलची गुंडाळी ठेवून बोटं तिच्यावर वळवून उभं राहायचं, टाच कडेबाहेर. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद तिथंच, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, ३ फेऱ्या. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन १० वेळा, ४ फेऱ्या. चूक होते ती घाईत: लोक भराभर उड्या मारल्यासारखं करतात, किंवा गुंडाळीच ठेवत नाहीत, मग बोटं वळत नाहीत आणि पट्ट्याला काम मिळत नाही. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर भार कमी करा. फरक दिसायला महिने लागतात, आणि नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेक जण सोडून देतात.

पायताणाबद्दल कोल्हापुरात बोलणं अवघड. आपल्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती शोभतेही. पण तिचा तळ सपाट, कडक, टाचेखाली गादी नाही. टाच दुखत असेतो ती लग्नाकार्यापुरती ठेवा. रोजच्याला टाचेशी किंचित उंच, मधून न दुमडणारा तळ हवा. सिलिकॉनची टाचगादी घेतलीत तर दोन्ही पायांत घाला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी उभं राहणाऱ्या बायकांना तर घरातली मऊ चप्पल ही पहिली गोष्ट सांगावी लागते. शिरोलीच्या कारखान्यात आठ तास काँक्रीटवर उभ्या असणाऱ्याला पायाखाली रबरी चटई मिळाली तरी पुष्कळ.

टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, म्हणून ते पहिल्याच भेटीत मागू नये.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर डॉक्टर गाठा. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास आखडते, तेव्हा वाताच्या डॉक्टरांकडे जायला हवं. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणं गावोगाव चालतं. शेकानं बरं वाटतं, पण मधुमेहात तळव्याची जाणीव गेलेली असेल तर वीट किती तापलीय ते पायाला कळत नाही आणि फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. अशा पायाला वीटही नको आणि तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवणंही नको.