वुड फिनिश बर्बनची नोंद: मेकर्स ४६ आणि वुडफर्ड डबल ओक्ड, दोघी आपापल्या सख्ख्या बहिणीसमोर

तर मंडळी, वुड फिनिशवाल्या, म्हणजे मुरलेल्या व्हिस्कीला पुन्हा वेगळं लाकूड लावून केलेल्या बाटल्या एकेकट्या चाखायचं बंद केलंय. आता फिनिशवाली बाटली काढली की तिची साधी बहीणही टेबलावर यायलाच हवी, कारण लाकडाने नेमकं काय दिलं आणि काय दाबून टाकलं हे मूळ व्हिस्की शेजारी असल्याशिवाय कळत नाही. नुसतं "वा, काय व्हॅनिला आहे" म्हणून काय उपयोग, तो व्हॅनिला आधीपासूनच होता का हे कुठे माहितीये!

त्यासाठी अमेरिकेतल्या केंटकीच्याच बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासूनच्या व्हिस्कीच्या, दोन जोड्या घेतल्या. पहिली मेकर्स मार्क आणि मेकर्स ४६, दुसरी वुडफर्ड रिझर्व्ह आणि तिचीच डबल ओक्ड. दोन्ही जोड्यांमध्ये धान्याचं प्रमाण तेच राहतं. मेकर्समध्ये मका ७०, गहू १६ आणि माल्टेड (मोड आणून वाळवलेली) बार्ली १४ टक्के. वुडफर्डमध्ये मका ७२, राय (गव्हासारखंच एक तिखटसर धान्य) १८, बार्ली १०. म्हणजे जोडीत जो फरक लागेल तो बहुतेक लाकडाचाच.

आता ४६ बद्दल थोडं सांगतो, कारण याच्यात खरी मजा आहे. बर्बन म्हटलं की आतून जाळलेलं नवं ओकचं पीप कायद्यानेच लागतं, त्यामुळे चारचं (char, म्हणजे आतून जाळण्याचं) काम पहिल्याच पिपात झालेलं असतं. लोरेटोला, म्हणजे मेकर्सच्या डिस्टिलरीत, काय करतात, तर तयार झालेली मेकर्स पिपातून काढतात, पीप उघडून आत फ्रेंच ओकच्या शेकलेल्या दहा फळ्या बसवतात, व्हिस्की परत त्यातच भरतात आणि साधारण नऊ आठवडे ठेवतात. ४६ हा आकडा त्या फळीच्या प्रोफाइलचा नंबर, मेकर्सचे तेव्हाचे प्रमुख बिल सॅम्युअल्स ज्युनियर यांच्या काळात २०१० मध्ये ही बाटली बाजारात आली. सुरुवातीला हे काम फक्त थंडीत करायचे कारण उन्हाळ्यात लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) भसाभस उतरतं आणि व्हिस्की कडवट होते, नंतर चुनखडीच्या टेकडीत तळघर खोदलं तेव्हा बारा महिने करता यायला लागलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण फिनिशमध्ये लाकूड कुठलं याइतकाच ते किती गारव्यात मुरलं याचा हात असतो आणि त्याबद्दल आपल्यात कोणी फारसं बोलतच नाही.

एक अडचण होती, साधी मेकर्स ४५ टक्के अल्कोहोलची आणि ४६ ही ४७ टक्क्यांची. दोन टक्के कमी वाटतात पण नाकाला लगेच कळतात, जास्त अल्कोहोलवाला ग्लास उगाचच "भारदस्त" वाटायला लागतो. म्हणून ३० मिली ४६ मध्ये ड्रॉपरने साधारण १.३ मिली पाणी घातलं, दोन्ही ४५ वर आल्या. वुडफर्डची जोडी मुळातच ४५.२ वर आहे, तिथे काही करायला लागलं नाही. बायकोने ग्लेनकेर्नच्या (व्हिस्की चाखायच्या ट्युलिपच्या आकाराच्या ग्लासांच्या) बुडाला टेप लावून अ, ब, क, ड लिहिलं, ओतलं तिनेच, आणि मी पंधरा मिनिटं ग्लासांना हात लावला नाही. पहिल्या पाच मिनिटांत स्पिरिटचा जो झणका येतो तो गेल्याशिवाय लाकूड बोलत नाही.

पहिली जोडी. 'अ' ला नाक लावलं तर मऊ गोडवा, ताजा पाव, थोडं सफरचंद, मागे हलकं कॅरॅमल. 'ब' मध्ये हेच सगळं, पण वर लवंग आणि जायफळ, आणि कॅरॅमलचं आता काकवी झालेलं. घोट घेतल्यावर फरक जिभेच्या मध्यावर नाही, मागच्या बाजूला आला. 'अ' गिळली की पटकन विरून जाते, 'ब' मात्र गालांच्या आत तुरट पकड ठेवते, सुपारी खाल्ल्यावर ठेवते ना तशी, आणि त्या तुरटपणावर गोडवा तरंगत राहतो. टेप काढल्यावर 'ब' म्हणजे ४६ निघाली. मला विशेष आवडलं ते हे की गव्हाचा मऊपणा कुठेही गेलेला नाही, फळ्यांनी खालून आधार दिलाय. लवंगेचा वास येतो तो युजेनॉलमुळे, ते शेकलेल्या ओकमध्ये असतंच. फ्रेंच ओकमध्ये टॅनिन अमेरिकन ओकपेक्षा जास्त, म्हणून ती पकड.

दुसऱ्या जोडीत मामला वेगळा. डबल ओक्डमध्ये फळ्याबिळ्या काही नाहीत, व्हिस्की सरळ दुसऱ्या नव्या पिपात जाते, आणि ते पीप जास्त वेळ टोस्ट करून 'चार' (जाळणं) मात्र हलकाच दिलेला असतो. टोस्ट म्हणजे मंद आचेवर लांबवर शेकणं, त्याने लाकडातल्या हेमिसेल्युलोजची साखर होऊन भाजली जाते आणि लिग्निन फुटून व्हॅनिलिन येतं. 'ड' ग्लास नुसता हातात घेतला तरी चॉकलेट, भाजलेलं सुकं खोबरं, मध, सगळं एकदम अंगावर. नाकाला या रात्री सगळ्यात जास्त मार्क मी 'ड' लाच दिले, आणि ती डबल ओक्डच होती. पण 'क' मध्ये, म्हणजे साध्या वुडफर्डमध्ये, जी रायची मिरमिर आहे, संत्र्याच्या सालीचा कडसर सुवास आहे, तो 'ड' मध्ये शोधावा लागला. सापडला, पण तिसऱ्या घोटाला, आणि दोन थेंब पाणी घातल्यावर. म्हणजे लाकूड सुंदर आहे यात वादच नाही, पण व्हिस्की त्याच्या मागे उभी आहे. गोडाधोडाच्या जेवणानंतर एकच पेग घ्यायचा असेल तर मी डबल ओक्ड घेईन, पूर्ण संध्याकाळ एकच ग्लास हळूहळू संपवायचा असेल तर ४६.

रिकामे ग्लास रात्री धुवू नका, ही विनंती. सकाळी चारही ग्लास हुंगले, अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाला जे सुकून बसतं ते बरंचसं लाकडाचंच. डबल ओक्डच्या ग्लासात कोळसा आणि कोको, ४६ च्या ग्लासात जायफळ, साध्या मेकर्सच्या ग्लासात जेमतेम व्हॅनिला. ज्यांना अजून ओकचा वास वेगळा काढता येत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी, फुकट आहे आणि डोकंही जागेवर असतं.

एंजल्स एन्व्ही ही बर्बन मुद्दाम या यादीत घेतली नाही. पोर्ट या गोड वाइनच्या पिपात फिनिश केलेली बर्बन छानच लागते, पण तिथे लाकडाबरोबर आधीची वाइनही बोलते, मनुका आणि बेरी कुठून आल्या ते उघड आहे, आणि तिला ४६ शेजारी बसवून मार्क देणं दोघींवरही अन्याय.

मार्कांच्या तक्त्यात आता एक बदल केलाय. "ओक" नावाचा वेगळा रकाना काढून टाकला आणि त्या जागी "मूळ व्हिस्की ओळखू येते का" हा रकाना घातला, दहापैकी. ४६ ला ९, डबल ओक्डला ६. एकूण बेरजेत ४६ पुढे गेली, नाकात मागे असूनही.

पुढे मेकर्सची प्रायव्हेट सिलेक्शन, म्हणजे दुकानांनी स्वतः फळ्या निवडून बनवून घेतलेली बाटली, घ्यायचीय. पाच प्रकारच्या फळ्या, त्यातून दहा निवडायच्या, एकूण १००१ मेळ होतात, आणि दुकानं आपापला मेळ लेबलवर छापतात. मला एकाच प्रकारच्या फळ्या जास्त असलेल्या दोन बाटल्या हव्यात, एकीत रोस्टेड फ्रेंच मोका भरपूर आणि दुसरीत बेक्ड अमेरिकन प्युअर २, म्हणजे फ्रेंच आणि अमेरिकन ओक आमनेसामने लावता येतील. कोणाच्या गावच्या दुकानात असा मेळ दिसला तर लेबलचा फोटो टाका, अंतर पाहून गाडी काढतो.