आंबोलीच्या धुक्यात फोटो: आधी उजेड ठरवा, मग रंग

सावंतवाडीहून सुमारे 30 किलोमीटर घाट चढून गेलं की आंबोली. उंची सुमारे 690 मीटर. समुद्रावरून येणारा पावसाळी वारा कड्याला धडकून वर चढतो, गार होतो, आणि त्याचा जो ढग होतो तोच रानात शिरतो. हिवाळ्यातलं धुकं ऊन आलं की विरतं. हे मात्र भर दुपारीही मिळतं आणि दोन मिनिटांत दाटचं विरळ होतं. म्हणून जुलैतल्या या फेरीत पहाटेची धावपळ केली नाही. चौकट आधी लावून ट्रायपॉडपाशी थांबून राहणं जास्त फळलं.

हिरण्यकेशीच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरचं रान या कामाला सर्वांत चांगलं. ओली, काळपट खोडं, त्यांवर शेवाळ आणि नेचे. जवळचं झाड स्पष्ट, मधलं फिकट आणि तिसरं जेमतेम ओळखू येईल, तेव्हा बटण दाबा. धुकं त्याहून दाट झालं की खोली जाते, नुसता पांढरा पडदा उरतो.

कॅमेऱ्याचं मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) समोरच्या पांढऱ्याला मध्यम करडं समजतं आणि फोटो काळवंडतो. शांत, हलका भाव हवा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा गडद करायची सोय) +0.7 ते +1.3 ठेवा, हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) उजवीकडे सरकावा, पण उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. पानांच्या फटीतून दिसणारं आकाश सगळ्यांत आधी फुटतं, म्हणजे तपशील जाऊन कोरं पांढरं होतं, तेव्हा ते चौकटीबाहेरच ठेवा. गूढ, दडपलेला भाव हवा असेल तर शून्य ते -0.7, आणि जवळचं एखादं काळं खोड चौकटीत हवंच. गडद आधार नसला की अंधारलेला फोटो नुसता मळकट दिसतो. हा निर्णय जागेवरच घ्या, कारण दोन्ही भावांना चौकट वेगळी लागते.

70-200 मिमीची लेन्स, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400 ते 800. फांद्या हलत असतील तर आयएसओ 1600 करून शटर 1/60 सेकंदाहून जलद करा. धुक्यात ऑटोफोकस भरकटतो. खोडाच्या कडेवर फोकस धरून मॅन्युअलवर टाका. पोलरायझर हा लेन्सवरचा फिरता फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी काढतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि हिरवा भडक करतो. आम्ही तो निम्माच फिरवतो.

फोटो रॉमध्येच (सेन्सरची कच्ची फाइल) काढा. ढगाळ उजेड मुळात निळसर असतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा गार-उबदार तोल) 5000 केल्विनच्या आसपास ठेवला तर गारवा आणि एकटेपणा येतो, 6500 ला रंग जवळपास तटस्थ, 7000 च्या पुढे ऊब. पानांतून गाळून आलेल्या उजेडाने धुक्यालाच हिरवी झाक येते. टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे 8 ते 12 सरकवा. त्याहून जास्त केलं तर धुकं गुलाबी होतं.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिला मोह डीहेझचा, म्हणजे धुकं कमी करणाऱ्या स्लायडरचा, होतो. तो सरसकट लावू नका. ज्यासाठी इथवर आलो तेच पुसलं जातं. लावायचाच तर जवळच्या खोडावर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) +10. मागच्या झाडांवर उलट -10, क्लॅरिटीही (कडांचा ठसठशीतपणा) थोडी उणे. पावसाळी हिरवा डोळ्यांवर येतो: हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) -20 ते -35, ह्यू (रंगछटा) किंचित पिवळ्याकडे. गडद फोटोत हिरव्याचं ल्युमिनन्सही (उजळपणा) उतरवा, नाहीतर पानं दिव्यासारखी उठून दिसतात. शॅडोंना (गडद भागांना) निळा, हायलाइटना (उजळ भागांना) फिकट पिवळा रंग द्या. दोन्हींचं प्रमाण 10 च्या आत पुरतं.

कावळेसाद पॉइंटला दरी बऱ्याचदा पूर्ण भरलेली असते, तिथे वेळ घालवू नका. महादेवगडाच्या रस्त्याकडेची झाडं बरी. मुख्य धबधब्यापाशी शनिवार-रविवारी फार गर्दी असते, मधल्या वारी जा. घाटातल्या वळणावर गाडी थांबवू नका, मागच्याला ती दिसत नाही. फांदीला हात लावण्याआधी नीट बघा. मलबार पिट वायपर हा विषारी साप तिच्या रंगात मिसळून बसलेला असतो. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर आणा, आणि मायक्रोफायबरची चार-पाच कोरडी फडकी जवळ ठेवा.

धुक्याच्या सलग छटांत 8 बिट जेपेगवर (त्यात छटा मोजक्याच असतात) पट्टे उमटतात. एडिटिंग 16 बिटमध्ये करा, आणि शेवटी 10-15 ग्रेन (बारीक दाणेदारपणा) घातलं की ते पट्टे बरेचसे झाकले जातात.