बुडापेस्टमधलं पाच दिवसांचं बिऱ्हाड

जाडजूड लाकडी दरवाजा ढकलून आम्ही आत शिरलो. सासूबाईंनी मान वर करून चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आमची चाळच!"

खरंच होतं. मधोमध फरसबंद चौक, चारी अंगांनी मजले, प्रत्येक मजल्याला लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीत ओळीनं दारं. कुणाच्या दारात कुंड्या, कुणाच्या कठड्यावर वाळत टाकलेली सतरंजी. चौकाच्या कोपऱ्यात एक लोखंडी सांगाडा होता. मला आधी तो मुलांच्या खेळण्यातला वाटला, पण तो गालिचे टांगून धोपटण्यासाठी असतो. त्याला तिकडे पोरोलो म्हणतात, आणि गॅलरीला म्हणतात गँग. नवऱ्याला हे कळल्यापासून पाच दिवस "चला, गँगवर चहा घेऊ" हा एकच विनोद चालू होता.

सासूबाईंचं बालपण गिरगावात गेलं. त्यामुळे त्यांना जे दिसत होतं ते माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं. "शेवटी संडास असणार बघ," असं त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. गॅलरीच्या टोकाला खरोखरच एक अरुंद, कुलूपबंद दार होतं. बुदा, ओबुदा आणि पेश्त ही गावं १८७३ साली एक झाली. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत शहर भराभर वाढलं आणि अशा इमारती गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. रस्त्याकडच्या बाजूला पैसेवाल्यांची मोठी घरं, मागे चौकाच्या बाजूला कामकऱ्यांची एक खोली अन् एक स्वयंपाकघर, आणि त्या सगळ्यांना मिळून मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. आपल्याकडे गिरण्यांच्या आधारानं चाळी वाढल्या, तोही साधारण हाच काळ. आता बहुतेक घरांत आतच सोय झाली आहे. आमच्या घरातही होती, पण न्हाणीघर इतकं चिंचोळं की वॉशिंग मशीनचं दार उघडलं की आपण बाहेर यायचं.

तर आता रीतसर. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवऱ्याचं व्हिएन्नाला ऑफिसचं काम होतं. ते संपल्यावर २२ ते २७ असे पाच मुक्काम आम्ही बुडापेस्टला केले. व्हिएन्नाहून थेट गाडीनं पावणेतीन तासांच्या आत केलेती स्टेशनला पोचता येतं. ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात, असल्यामुळे व्हिसा एकच लागतो. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, तिथे हॉटेलऐवजी घराचं बुकिंगही चालतं. फक्त त्या कागदावर सगळ्यांची नावं हवीत. आमच्या पहिल्या कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव होतं, ते मालकाला कळवून बदलून घ्यावं लागलं.

घरच का घेतलं? सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, आणि त्यांना पहाटे साडेपाचला चहा लागतो. हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या आणि चहाला नाश्त्याच्या वेळेपर्यंत थांबावं लागलं असतं. एक झोपायची खोली, बाहेर सोफा-कम-बेड, दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर, असं पाच रात्रींचं सगळं मिळून चौतीस हजार रुपयांच्या आसपास पडलं. साफसफाईचे पैसे आणि शहराचा पर्यटन कर यांचा आकडा मात्र शेवटच्या पानावर उगवतो. तुलना करताना तोच आकडा धरा.

घर निवडताना आमचं एक चुकलं आणि एक बरोबर आलं.

चुकलं ते मजल्याचं. जाहिरातीत 'दुसरा मजला' होतं. तिथे तळमजला शून्य, त्यावर कधी अर्धा मजला, आणि त्यानंतर पहिला. म्हणजे त्यांचा दुसरा हा आपल्या हिशेबानं पाऊण-एक मजला आणखी वर. या जुन्या इमारतींच्या मजल्यांची उंचीही बरीच जास्त. 'लिफ्ट आहे' हे खरं होतं, पण तीत दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग, एवढंच मावायचं. तेव्हा ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर "किती पायऱ्या आहेत?" असं सरळ विचारा. मजला विचारून काही कळत नाही.

बरोबर आली ती जागा. सातवा जिल्हा, एर्झेबेतवारोश, हा रात्रीच्या धांगडधिंग्यासाठी प्रसिद्ध आहे. पडक्या इमारतींमध्ये थाटलेले ते नावाजलेले पब याच भागात आहेत. पण हा सगळा गोंगाट मोठ्या वर्तुळाकार रस्त्याच्या, नाज्यकोरुतच्या, आतल्या अंगाला असतो. त्याच जिल्ह्यात रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला घर घेतलंत तर रात्री दहानंतर चिडीचूप, आणि ट्रॅम दोन मिनिटांवर. जिल्हा ओळखायला सोपी खूण आहे. चार आकडी पिनकोडमधले मधले दोन आकडे म्हणजे जिल्हा. रस्त्यांच्या पाट्यांवर तोच रोमन आकड्यात असतो. चौकाकडची घरं शांत असतात पण अंधारी, दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. रस्त्याकडची उजेडाची, पण ट्रॅमची खडखड ऐकत झोपायचं.

आणखी एक. सहाव्या जिल्ह्यात, तेरेझवारोशमध्ये, आम्ही जायच्या महिनाभर आधीच रहिवाशांनी मतदान करून अशी अल्पमुदतीची घरं बंद करायचा कौल दिला होता, आणि बंदी १ जानेवारी २०२६ पासूनची ठरली. भाडी वाढतात, शेजारी रोज नवा, बॅगांच्या चाकांचा आवाज. चाळीत वाढलेल्या माणसाला हे काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. घराचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते आधी पाहा.

आता स्वयंपाकघर. पहिलाच दिवस फसला. २३ ऑक्टोबर हा १९५६ च्या उठावाचा स्मरणदिन, राष्ट्रीय सुट्टी. आदल्या रात्री दमून आलो, "उद्या आणू सगळं" म्हणून झोपलो. सकाळी खाली उतरले तर सगळी मोठी दुकानं बंद. अशा दिवशी मालक स्वतः गल्ल्यावर बसतो ती छोटी दुकानं तेवढी उघडी असतात. अर्धा तास फिरल्यावर तसं एक सापडलं, तिथून दूध आणि पाव आणला. वाटेत झेंडे लावले होते, मधोमध गोल भोक पाडलेले. १९५६ साली लोकांनी झेंड्यावरचं कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह कापून टाकलं होतं, त्याची ती आठवण. पाहायला मिळालं हे छानच, पण सासूबाईंचा चहा साडेपाचऐवजी नऊला झाला आणि तो दिवसभर ऐकावा लागला. सुट्ट्यांच्या तारखा आधी पाहून ठेवा.

दुसरी फसगत कुकरची. पुण्याहून तीन लिटरचा कुकर कपड्यांत गुंडाळून नेला होता. शेगडी निघाली इंडक्शनची आणि आपला कुकर ॲल्युमिनियमचा. शेगडी नुसती टीं टीं करत राहिली. शेवटी घरातल्या स्टीलच्या पातेल्यात, झाकण ठेवून, जुन्या पद्धतीनं भात. कुकर न्यायचाच तर इंडक्शनवर चालणारा न्या, किंवा घराच्या फोटोत शेगडी नीट पाहा: काळी सपाट काच दिसली तर कोणती ते विचारून घ्या. फोडणीची पळीही त्याच कारणानं निरुपयोगी ठरली.

डाळ-तांदूळ इथून नेण्याची मात्र अजिबात गरज नाही. सुपरमार्केटमध्ये वोरोशलेन्चे मागा, ती आपली मसूर डाळ, अर्ध्या तासात कुकरशिवाय शिजते. बूझादारा म्हणजे रवा. तिकडे मुलांना दुधात शिजवून देतात, आम्ही उपमा केला. मोहरी मुश्तारमाग नावानं मिळते, पिवळी असते, पण तडतडते. हळद कुर्कुमा. जिऱ्याशी मात्र सांभाळून. नुसतं 'क्योमेन्य' लिहिलेलं पाकीट दिसायला जिरं, चवीला भलतंच निघतं. ते शहाजिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे. आपलं जिरं म्हणजे 'रोमाई क्योमेन्य'. मी आणखी एक पराक्रम केला. कोथिंबीर म्हणून उचललेली जुडी पार्स्लीची निघाली आणि तिच्या शेजारचा पांढरा मुळा हा मुळा नव्हताच, पार्स्लीचं मूळ होतं. ते लोक सुपात घालतात. किसून दही घातलं, मीठ-साखर घातली, कोशिंबीर म्हणून खपवली. नवऱ्यानं दोनदा घेतली, मी काही बोलले नाही.

दह्यासाठी आलुत्तेय. शब्दाचा अर्थ 'झोपलेलं दूध', आणि ते आपल्या दह्याच्या सगळ्यात जवळ जातं. तेय्फोलचा डबाही तसाच दिसतो, पण ते आंबट साय असतं, भातावर घेतलं तर घास फिरत नाही. 'तेय' म्हणजे दूध, एवढं लक्षात ठेवलं की निम्मी बाजारहाट होते. पाणी नळाचंच प्या, चांगलं असतं. बाटल्या-कॅन विकत घेतलेत तर प्रत्येकामागे ५० फोरिंट (तिथलं चलन) अनामत लागते. २०२४ पासून ही पद्धत आहे. रिकामी बाटली न चेपता सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात. एक रुपयाला चार फोरिंट असा ढोबळ हिशेब आम्ही धरला होता.

तूप नेता येत नाही. युरोपीय संघात बाहेरून दूधदुभतं, मांस, ताजा कढीपत्ता, काही चालत नाही. सासूबाईंना वरणभातावर तूप हवंच. म्हणून तिसऱ्या दिवशी दोन पाकिटं लोणी आणून त्यांनी ते कढवायला घेतलं. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. बेरी खरपूस होत आली, घमघमाट अख्ख्या मजल्यावर पसरला, आणि शेजारच्या दारातून एक आजी काठी टेकत बाहेर आल्या. मला वाटलं, वासाची चौकशी असणार. मी हसून पातेलं दाखवलं. आजींनी पातेल्याकडे पाहिलंही नाही. काठीनं आमच्या दाराबाहेर काढलेल्या चपला-बुटांच्या ढिगाकडे बोट केलं आणि बरंच काही बोलल्या.

"वाट अडवू नका म्हणतायत," सासूबाई गॅसजवळून हलल्याही नाहीत. (त्या इंडक्शनलाही गॅसच म्हणतात.) "आमच्याकडे जोशीकाकू पण हेच ओरडायच्या."

चपला आत आल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आजींना "चोकोलोम" म्हणू लागलो. 'हात चुंबते' अशा अर्थाचं हे ज्येष्ठ बायकांसाठीचं अभिवादन आहे. आजींनी मान हलवली, बस. गॅलरी सगळ्यांची असते, तिथे सामान ठेवायचं नाही, रात्री दहानंतर मोठ्यानं बोलायचं नाही, चौकातल्या कचऱ्याच्या डब्यांत पिवळ्या झाकणात प्लास्टिक आणि निळ्यात कागद. मालकाच्या चार पानी सूचनांमध्ये हे सगळं होतं. वाचायला हवं होतं.

भाजीसाठी राकोत्सी तेरची (तेर म्हणजे चौक) मंडई गाठा. फोवाम तेरची मोठी मंडई बघण्यासारखी आहेच, छतावरच्या, झोल्नाय कारखान्याच्या कौलांसाठी तरी. दोन्ही १८९७ मधल्या. पण मोठीत वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठीचे दर आणि धक्काबुक्की. तिथे तळघरात मात्र उतरा. लोणच्यांचे गाळे आहेत: कोबी, काकड्या, मिरच्या, चिमुकली कलिंगडं, बरण्यांमध्ये भाज्यांचे हसरे चेहरे रचलेले. सासूबाईंनी एकेक बरणी निरखली. "यात तेल कुठाय? नुसतं आंबवलेलं दिसतंय." चाखल्यावर अर्धा किलो कोबी घेतलाच. शाकाहारी असाल तर बेकरीत पोगाचा, म्हणजे छोटा खारा पाव, घेताना 'शायतोश', म्हणजे चीजचा, मागा. 'तेपेर्तोश' पोगाचात डुकराची चरबी असते.

फिरण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. आम्ही ७२ तासांचा पास घेतला, तेव्हा ५५०० फोरिंटला होता. सुटं तिकीट घेतलंत तर यंत्रात पंच करायला विसरू नका, मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी तपासनीस उभेच असतात. पासष्टच्या पुढच्यांना मोफत हे फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना, आपल्या आजी-आजोबांना नाही. विमानानं येणार असाल तर शहरात आणणाऱ्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, पास चालत नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर २ नंबरची ट्रॅम दोन्ही टोकांपर्यंत करा, संसद आणि डॅन्यूब बसल्या जागी दिसतात. १८९६ ची पिवळी मेट्रो सासूबाईंना सगळ्यात आवडली, कारण फार जिने उतरावे लागत नाहीत. सेचेन्यीच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाताना घरातला टॉवेल आणि स्लिपर घेऊन जा.

निघायच्या दिवशी, रविवारी, पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. फोन आपोआप बदलतात. नवऱ्याचं मनगटी घड्याळ वडिलांचं, चावीचं, आणि त्याचा त्याच्यावरच विश्वास. किल्ली पेटीत टाकून, बॅगा चार खेपांत लिफ्टनं उतरवून धावतपळत केलेतीला पोचलो, तर गाडीला चांगला दीड तास. मग बाकावर बसून झोपलेल्या दुधाचा दहीभात आणि आंबट कोबी खाल्ला.