कुत्रा चावला सोमवारी, कळलं मंगळवारी

मंगळवारी रात्री कपडे भिजत घालताना लेकाच्या ट्रॅकपँटला पोटरीपाशी दोन भोकं दिसली, भोवती वाळलेलं रक्त. "सायकलवरून पडलो," म्हणाला. पडल्यावर अशी जोडीने भोकं पडत नाहीत, एवढं मलाही कळतं. अर्ध्या तासाने खरं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी क्लासवरून येताना गल्लीच्या तोंडाशी कुत्रं मागे लागलं आणि चावलं. घरी कळलं तर सायकल बंद होईल, म्हणून साहेबांनी रुमालाने पुसून वर हळद दाबली होती. खरं सांगायचं तर मी सायकल बंद केलीच असती. पंधरा वर्षांत त्याने मला बरोबर ओळखलंय.

सासूबाई चुन्याची डबी घेऊन आल्या. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "चुना नको, तिखट नको, काही नको. मोरीत बसवा, पाय नळाखाली धरा आणि साबण लावून १५ मिनिटं धुवा." पूर्ण दिवस उलटलाय, आता काय उपयोग, असं मी म्हटलं. "तरीही धुवा. आणि सकाळची वाट बघू नका."

घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं फार मोठी असतात. चौथ्या मिनिटालाच आम्हाला झालंसं वाटलं होतं.

अकरा वाजता रिक्षाने सिव्हिलला. केसपेपर काढला. कुत्रं पाळीव की भटकं, रक्त आलं का, आधी कधी रेबीजची लस घेतली आहे का, असे प्रश्न झाले. रक्त आलं म्हणजे जखम तिसऱ्या वर्गातली, मग नुसती लस पुरत नाही, सीरमही लागतं. मला हे ठाऊकच नव्हतं. लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर विषाणूला जागेवरच अडवायला तयार प्रतिपिंडं, म्हणजे हे सीरम, थेट जखमेत सोडतात. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे डॉक्टरांनी लेकासमोरच सांगितलं. तो तोवर मोबाइलमध्ये होता, मग नव्हता.

लस लगेच मिळाली, दोन्ही दंडांवर कातडीत एकेक छोटी सुई. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. सीरमच्या फ्रीजची किल्ली मात्र दिवसपाळीकडे. मी जरा आवाज चढवला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते देता येतं, पण उद्याच या.

सकाळी आधी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, कारण सीरमचं माप किलोवर ठरतं. मग जखमेत आणि भोवती सुया. ते दुखतं, उगाच कशाला खोटं बोलू! त्याने माझा हात असा आवळला, की बांगडी वाकली. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं. जखमेला टाका नाही, घट्ट पट्टी नाही. सगळं मोफत.

सोसायटीत बातमी पोचली होतीच. "पोटात चौदा घ्यावी लागणार," एका काकूंनी सांगितलं. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. दुसऱ्या म्हणाल्या, "दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, मेलं नाही तर काही होत नाही." नजर ठेवायला हरकत नाही, पण लस त्यासाठी थांबवायची नसते. शिवाय आमच्या गल्लीत तपकिरी कुत्री तीन आहेत, यातलं आपलं कोणतं?

कार्डावर तारखा होत्या : ०, ३, ७, २८. शून्य म्हणजे पहिल्या डोसचा दिवस, चावल्याचा नव्हे. मी आधी तिथेच चुकले होते. खासगीत स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढतो, तेव्हा शेजारच्यांच्या कार्डावरून आपलं ठरवू नये. शेवटचा डोस नेमका पूर्वपरीक्षेच्या गणिताच्या दिवशी आला. "रविवारी घेऊ ना," त्याने म्हणून पाहिलं. पेपर सुटल्यावर गणवेशातच नेला.

कार्ड जपून ठेवायला सांगितलंय. पुन्हा चावलं तर मग दोनच डोस, सीरम नाही.

सायकल मी बंद केली नाही. रस्ता मात्र बदलायला लावला. तो दीड किलोमीटरने लांब पडतो, त्यावरून घरात रोज कुरबुर चालू आहे.